नागासाकीतला चंद्रोदय

“नागासाकीत चंद्र किती वाजता उगवतो गं?”

रत्नप्रभाकाकूंनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. मी हातातला चहा खाली ठेवला. सांगलीच्या त्या प्रवासकंपनीत नोकरीला लागल्यापासून लोकांनी मला नाना गोष्टी विचारल्या होत्या. तिथे अंघोळीला बादली मिळते का, विमानात लोणच्याची बरणी चालते का, काश्मिरात ताक मिळेल का. चंद्राची चौकशी करणारं गिऱ्हाईक मात्र हे पहिलंच.

“चंद्र?”

“व्हय. मंगळवारचा. आम्ही तिथं असणार त्या मंगळवारचा.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान काढलं. त्या मंगळवारी लाल अक्षरात अंगारकी छापलेली होती. मग मला उलगडा झाला, आणि जरा हसूही आलं. काकूंचा उपवास असणार. माणूस जपानला गेला तरी चतुर्थी थोडीच सुटते.

खराडे नवराबायको तासगावचे. अण्णा खराडे मोठे द्राक्षबागायतदार. त्या वर्षी त्या भागातल्या बागायतदारांचा एक गट ओकायामाकडच्या द्राक्षबागा बघायला निघाला होता आणि त्या सहलीची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे होती. ओकायामा झाल्यावर गट ओसाकाला जाऊन दोन-तीन दिवस खरेदी करणार आणि शुक्रवारी विमानात बसणार. खराडेंनी मात्र मध्येच वेगळी वाट काढली होती. त्या दोघांना ओकायामाहून आगगाडीने नागासाकीला जायचं होतं, मंगळवार तिथे काढायचा होता आणि बुधवारी ओसाकाला गटात परत यायचं होतं. शाळेत बॉम्बचा धडा होता, तेव्हापासून ते गाव बघायचं मनात आहे, असं काकूंनी घरी सांगितलं होतं. मलाही तेच सांगितलं.

मी तेव्हा बेळगावच्या पलीकडे गेलेली नव्हते. पण नकाशावर मी जगभर भटकायचे, आणि नागासाकी मला फार आवडून गेलं होतं. समुद्र आत शिरून झालेलं लांबट बंदर, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि डोंगरांवर वरपर्यंत चढत गेलेली घरं. खालच्या सपाटीत जुन्या पद्धतीची ट्राम. मी त्यांचा मंगळवार मोठ्या हौसेने आखला होता. सकाळी बॉम्ब पडला ती जागा आणि तिथली बाग, मग ट्रामने नदीवरचा दोन कमानींचा दगडी पूल, दुपारी बंदर.

मी संगणकावर शोधून सांगितलं, “सव्वाआठच्या सुमाराला उगवतो, काकू. पण हॉटेल खाली आहे, पूर्वेला डोंगर आडवा येतो. खालून दिसायला उशीर लागेल.”

“मग दिसंल कुठनं?”

“पश्चिमेच्या डोंगरावरून. तिथे रोपवे आहे. थेट माथ्यावर जा. सगळं शहर, बंदर आणि समोर चंद्र. जपानात लोक मुद्दाम जातात तिथे.”

काकूंनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. “तितकं वर नको.”

“भीती वाटते का रोपवेची?”

“भीती कसली? पर तितकं वर नको. मध्येच कुठंतरी बघ की. त्याच डोंगराच्या अर्ध्यात.”

“अर्ध्यात काही नाहीये काकू. घरं आहेत लोकांची.”

“हां,” काकू म्हणाल्या, “तिथनं दिसंल का?”

आता मला राहवेना. मला मेलीला पहिल्यापासून दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची हौस. त्या नोकरीत मी टिकले ती त्याच्याच जोरावर. मी दार लोटून घेतलं, काकूंना चहा मागवला आणि विचारलं, “काकू, त्या डोंगराच्या अर्ध्यात कोण राहतं?”

काकूंनी आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“वृषाली,” त्या म्हणाल्या. “माझी लेक.”

खराडेंना मुलगी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. वृषाली पुण्यात जपानी भाषा शिकली, दुभाष्याचं काम करायला लागली, कंपनीच्या कामाने जपानला गेली. अण्णांनी इकडे तिचं लग्न जमवत आणलं होतं, समोरच्यांना शब्द दिला होता. आणि तिचा फोन आला की मी इथेच लग्न केलंय, त्याचं नाव नाओकी, बोटी बांधायच्या कारखान्यात आहे. त्या दिवशी घरात भावकी जमलेली होती. अण्णांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या पोरीच्या घरचं मी पाणीसुद्धा पिणार नाही.

“आन ह्यांचं बोलणं म्हंजे दगडावरली रेघ,” काकू म्हणाल्या. “एका व्यापाऱ्याला एकदा म्हणाले, तुझ्या गाडीत माझा माल चढणार न्हाई. त्या साली दुसरं गिऱ्हाईक मिळंना, द्राक्षं वेलीवरच सुकाय लागली. पर न्हाई म्हंजे न्हाई. शेवटी बेदाणा केला समद्याचा.”

“आणि ती नागासाकीत आहे हे अण्णांना माहीत नाही?”

“जपानात हाय एवढं माहीत. गाव कधी विचारलं न्हाई त्यांनी. तिचं नाव निघालं की उठून बागेत जात्यात. चार वर्षं झाली. मी आपली फोनवर बोलती, ते बाहेर गेले की.”

“मग तिच्या घरी ते येणार कसे?”

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. पुढचं त्यांनी किती दिवस मनात घोळवलं असेल कोण जाणे, पण सांगताना त्यांचा चेहरा एखादा अवघड पदार्थ साधलेल्या सुगरणीसारखा झाला होता.

“त्यांनी पाणी पिणार न्हाई म्हटलंय. घरात पाय टाकणार न्हाई असं कुठं म्हटलंय? आता अंगारकीला ते तोंडात थेंब घेत न्हाईत, चंद्र दिसंपर्यंत. मग त्या दिवशी तिच्या घरी जाऊन बसाय काय हरकत हाय? कुणी काय पुढं करणार न्हाई, त्यांनाबी नको म्हणाय लागणार न्हाई. त्यांचा शब्द राहतोय आन माझं लेकरू त्यांच्या नजरंला पडतंय.”

मी कॅलेंडरवरच्या त्या लाल अक्षरांकडे पुन्हा बघितलं.

“चंद्र तिच्या घरातनं दिसला पाहिजे, म्हणून विचारती. न्हाईतर हे पाच वाजल्यापासनंच उठतील, चंद्र कुठनं दिसंल ती जागा धुंडत गावभर हिंडतील. दिसला की मग आम्ही उठू, हॉटेलात जाऊ, माझ्या पिशवीतलं खाऊ. दुपारपासनं चंद्रापर्यंत तेवढे तास मिळाले तरी बास झालं मला.”

“आणि त्यांना सांगणार कधी?”

“पायऱ्यांपाशी. तिच्या घराला खालनं पायऱ्याच हायेत म्हणं, लई. तिथं उभं राहून सांगणार, वर वृषाली राहती.”

“आणि तिथूनच ते मागे फिरले तर?”

काकूंनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. “तर मग परत कधीच न्हाई. त्यांच्या मनात एकदा बसलं की मला फसवून आणलं, तर माझ्याशीबी बोलणार न्हाईत. मला माहीत हाय ते. पर बसून तरी किती दिवस राहायचं?”

त्या दिवसापासून ती सहल माझी स्वतःची झाली. काकू आठवड्यातून एकदा काहीतरी निमित्त काढून तासगावहून येत, माझ्याजवळ खुर्ची ओढून बसत, आणि आम्ही दोघी संगणकावर नागासाकीत फिरत असू. तिथल्या रस्त्यांचे फोटो एकापुढे एक जोडलेले असतात, बाणावर बोट दाबलं की आपण चार पावलं पुढे जातो. काकूंना याचं भारी नवल. ट्रामच्या थांब्यावरून निघून आम्ही पूल ओलांडायचो, डोंगराच्या बाजूला वळायचो. वाटेत एक मासळीचं दुकान लागे, मग सायकली दुरुस्त करणारा एक म्हातारा. दर वेळी बघून बघून तो काकूंच्या ओळखीचा झाला होता. “बसलाय बघ अजून तिथंच,” म्हणायच्या.

एक दिवस पत्ता पुरता जुळला. अरुंद रस्ता, उजवीकडे दगडी भिंत आणि तिला फोडून वर गेलेल्या पायऱ्या.

“ह्याच,” काकू म्हणाल्या. “लोखंडी कठडा हाय म्हणाली होती. पुढं जा की.”

“पुढे जात नाही काकू. फोटो काढणारी गाडी इथपर्यंतच आली होती.”

“वर तरी बघ.”

मी चित्र वर उचललं. एकावर एक छपरं, विजेच्या तारा आणि सगळ्यात वर, एका गच्चीच्या कठड्यावर काहीतरी नारिंगी वाळत टाकलेलं. काकू पुढे वाकल्या. मी ते जितकं मोठं करत होते तितकं ते फुटत होतं, शेवटी नुसते चौकोन उरले.

“साडी असंल,” काकू म्हणाल्या. “मी दिलेली एक हाय तिच्याकडं तसली.”

टॉवेल असेल, चादर असेल, कुणा दुसऱ्याचंही घर असेल. मी त्यांना जाताना पुन्हा एकदा ते चित्र दाखवलं.

बाकी तयारी चाललीच होती. तिथे भाजीच्या रश्शातसुद्धा मासळीचं पाणी असतं हे कळल्यावर काकूंनी भडंग, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू आणि बेदाणे यांची एक वेगळी पिशवीच धरली. वृषालीला फोनवर बजावून झालं की आम्ही आल्यावर खायचं तर सोडच, पाण्याचं भांडंदेखील समोर दिसता कामा नये, विचारायचंसुद्धा नाही. नवऱ्यालाही सांगून ठेव. त्या बिचाऱ्याला हे काही पटेना. घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला काही द्यायचं नाही, हा कसला मान, असं तो म्हणत होता म्हणे.

आणि निघायला आठवडा उरला असताना अण्णा खराडे स्वतः ऑफिसात आले.

मी त्यांना तोवर गटाच्या बैठकीतच पाहिलं होतं. उंच, ताठ, पांढरी टोपी. द्राक्षाइतकाच त्यांना पंचांगाचा नाद. तासगावात कुणाला तिथीची शंका आली की गुरुजींच्या आधी अण्णांना विचारत. छापील कॅलेंडरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मुंबईच्या वेळेवर तासगावचा चंद्र कसा उगवेल, म्हणून ते कॅलेंडर वाटायला आलेल्या बँकेच्या माणसाशीही वाद घालत, असं काकूंनीच मला सांगितलं होतं.

ते बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

“ऊर्मिला, ते नागासाकीचं काय काय ठरवलंय, जरा सांग.”

मी बॉम्बची जागा, पूल, ट्राम, बंदर सगळं सांगितलं. दुपारनंतर डोंगराच्या बाजूला निवांत फेरफटका, असं हळूच म्हटलं.

“चंद्रोदय किती वाजता?”

“सव्वाआठच्या सुमारास.”

“आन जपानचं घड्याळ आपल्या पुढं किती?”

“साडेतीन तास.”

त्यांनी खिशातून घडी घातलेलं पंचांग काढलं, चष्मा लावला. एका ओळीवर बोट ठेवलं. मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, पुन्हा त्या ओळीवर आले, पुन्हा मोजलं. अखेर ते “हं” म्हणाले आणि पंचांग मिटलं.

“बुधवारची रात्रबी तिथंच ठेव. ओसाका नको मला. नुसती गर्दी.”

“आणि मंगळवार?”

“मंगळवार हाय तसा राहू दे.”

“अण्णा, काकूंना—”

“तिला मी सांगतो, ओसाका नको म्हणून. बाकी मी हितं काय विचारलं ते सांगू नको.” टोपी डोक्यावर चढवून ते उठले. दारापाशी थांबले. “तिथं गाडी कुठवर जाती? तिच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत न्हाईत.”

“कुठल्या पायऱ्या?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“असतील की. डोंगराचं गाव म्हणतीस ना?”

ते गेले. मी खिडकीतून त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं. माझं डोकं चालेना. माणसाला कळलंय की नाही? कळलं असेल तर रागाने तिकडे जाऊन बायकोला उघडी पाडणार आहेत की काय? आणि रागच असेल तर एक रात्र वाढवतील कशाला? मी जास्तीच्या रात्रीची खोली राखली, तिकिटं बदलली. काकूंना फोन करावा म्हणून दोनदा हातात घेतला आणि ठेवला. अण्णांनी मला सांगू नको म्हटलं होतं. आणि सांगितलं असतं तरी काय सांगणार होते, हे मलाच कळत नव्हतं.

तो मंगळवार मी कामात कसा घालवला मला आठवत नाही. दर तासाला मनात साडेतीन मिळवून बघत होते. आता पुलावर असतील, आता बंदरावर, आता पायऱ्यांपाशी.

गट परत आला. पण काकूंचा काही पत्ता नाही. चांगले आठ-दहा दिवस गेले आणि एका दुपारी त्या आल्या, माझ्यासाठी एक घडीचा पंखा घेऊन. चेहऱ्यावरून काही कळू देईनात.

“काकू, आधी सांगा. पायऱ्यांपाशी काय झालं?”

“पंखा तरी बघ.”

“पंखा नंतर.”

“काय होणार? सांगितलं मी. वर वृषाली राहती म्हटलं, यायचं तर या. त्यांनी वर बघितलं. म्हणाले, तुझे गुडघे दुखत असतील तर सावकाश ये. आन चढाय लागले. माझ्या पुढं.”

“काहीच बोलले नाहीत?”

“न्हाई. ऊन काय होतं गं तिथं, आपल्या मे महिन्यासारखं, आन नुसता घाम. सकाळी चहा न्हाई, दिवसभर पाणी न्हाई. मी मनात म्हटलं, ह्यांना हितंच भोवळ येती. तरी चढले. दारात वृषाली उभी. दोघं एकमेकांकडं बघत्यात. मग हेच म्हणाले, वाळलीस. आन आत जाऊन बसले.”

काकूंनी पदर तोंडाला लावला, मग परत खाली घेतला.

“मग?”

“मग बसलोय सगळी. जावई गुडघ्यांवर बसलाय, सारखा वाकतोय. मध्येच त्याला राहवंना, आतनं ट्रेमध्ये गार चहा घेऊन आला. वृषालीनं असे डोळे वटारले! तसाच परत गेला बिचारा. माझा जीव टांगणीला. आन एवढ्यात हे म्हणत्यात, वृषा, पाणी दे.”

मी टेबलाला धरलं.

“मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मी म्हटलं, अहो, आज अंगारकी हाय. तर म्हणाले, ‘अंगारकी तासगावात. हितं चंद्र आपल्या आधी उगवतोय, तवा आज चतुर्थी लागलेलीच नसंल. हितली संकष्टी उद्या. आज मला उपवास न्हाई.’”

“आणि वृषाली?”

“ती उभीच. पोरीला वाटंना खरं. मग आत पळाली. तांब्या आणला, भांडं आणलं, निम्मं पाणी चटईवर. ह्यांनी घेतलं, सगळं प्याले. भांडं तिच्यापुढं धरलं आन म्हणाले, आणखी दे.”

माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची मला लाजही वाटली नाही.

“रात्री जेवलो तिथंच. बुधवारी उपवास धरला त्यांनी, रीतसर. संध्याकाळी गच्चीत बसले जावयाला घेऊन. भाषा येत न्हाई एकमेकांची, तरी चंद्र कुठनं वर येणार ते हातानं दाखवत होते त्याला. लेकीनं मोदक केले, वाकडेतिकडे. त्यावर सोडला उपवास.” काकू हसल्या. “आता मला एक सांग ऊर्मिला, तुझ्याकडनंच सगळं ठरवलेलं, तर चतुर्थी तिथं दुसऱ्या दिवशी हाय हे तुलाबी कसं कळलं न्हाई? ह्यांना तिथं गेल्यावर कळलं, ते नशीब म्हणायचं.”

अण्णांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. पण आता सगळं पार पडलं होतं, आणि मी तरी किती दिवस पोटात ठेवणार?

“तिथे गेल्यावर नाही, काकू. अण्णा निघायच्या आधी इथे आले होते. याच खुर्चीत बसून त्यांनी सगळं मोजलं. बुधवारची रात्र तेव्हाच वाढवली. पायऱ्यांचंही विचारत होते.”

पंखा काकूंच्या हातात उघडा तसाच राहिला होता. उपवास नसताना अण्णांनी सकाळी न घेतलेला चहा, दिवसभराचं ऊन, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून पुन्हा एकदा गेलं असावं.

“आन मी म्हणती, मी फसवून नेलं,” त्या हळूच म्हणाल्या. मग पंखा मिटून माझ्या हातात दिला. “म्हंजे तासगावातनं निघतानाच तहान लागली होती की गं त्यांना.”